घरातले जुने फोटो: आपण आठवतो किती आणि रचतो किती?

ओसरी:
आमच्या घरातला सर्वांत जुना फोटो माझ्या पणजीचा असून तो १९३०च्या आसपास कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत काढलेला आहे. मागे रंगवलेला पडदा, बाजूला उंच तिवईवर फुलदाणी आणि खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसलेली, नऊवारीतली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. गेल्या दिवाळीत भाच्याने मोबाइलमधल्या एका अ‍ॅपने तो फोटो रंगीत केला, अ‍ॅपने लुगडे फिकट निळे ठरवले आणि त्यावरून घरात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. धाकट्या आत्याच्या मते ती काळी चंद्रकळा आहे, कारण लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला हा फोटो काढल्याचे तिने आजीकडून ऐकले होते. थोरली आत्या म्हणते की संक्रांतीचा फोटो असता तर अंगावर हलव्याचे दागिने दिसले असते, तेव्हा हे माहेरहून आलेले लाल लुगडेच आहे. गंमत अशी की दोघींपैकी कोणीही ते लुगडे प्रत्यक्ष पाहिलेले नाही, आणि तरीही दोघी ते डोळ्यांसमोर असल्यासारखे वर्णन करतात. या वादाच्या ओघात पणजीच्या माहेराबद्दल, तिच्या सासूच्या कडक सोवळ्याबद्दल आणि तिने लपवून शिकलेल्या वाचनाबद्दल जे बाहेर आले, ते आमच्या पिढीला पूर्वी कोणीही सांगितले नव्हते.

धागा काढण्याचे कारण हेच आहे. घरचा फोटो आपल्याला जे घडले ते आठवून देतो की फोटोभोवती आपण आठवण विणत जातो, आणि तसे असेल तर त्यात काही वावगे आहे का? आपल्या घरच्या फोटोंनी कोणाला बोलते केले, कोणाला कॅमेरा हाती घ्यायला लावले, याविषयीही जाणकारांनी आणि इतरांनीही लिहावे.

हायपो:
माझे अर्धे आयुष्य डार्करूममध्ये गेले असल्यामुळे आधी लुगड्याविषयी लिहितो. त्या काळात स्टुडिओंमध्ये ज्या प्लेट आणि फिल्म सर्रास वापरल्या जात, त्या ऑर्थोक्रोमॅटिक असत, म्हणजे त्यांच्यावर निळ्या आणि हिरव्या प्रकाशाची नोंद होई, पण लाल प्रकाशाची जवळजवळ होतच नसे. म्हणूनच लाल दिव्याखाली, प्रतिमा कशी उमटते आहे ते पाहत पाहत प्लेट धुता येई. सर्व रंगांची नोंद घेणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म तोवर बाजारात आली होती, परंतु ती पूर्ण अंधारात धुवावी लागे आणि जुन्या कारागिरांना लाल दिव्याची सोय सोडवत नसे. याचा परिणाम असा की अशा फोटोत लाल वस्त्र काळे दिसते, कुंकू काळे दिसते आणि निळे आकाश पांढरेफटक येते. आपल्या फोटोतले लुगडे गडद असेल, तर ते काळे असू शकते किंवा लाल असू शकते. दोन्ही आत्याबाईंचे म्हणणे शक्यतेच्या कोटीत आहे. अ‍ॅपने सांगितलेला फिकट निळा रंग मात्र बसत नाही, कारण तसे लुगडे त्या प्लेटवर उजळ आले असते.

आणखी एक सांगावेसे वाटते. मूळ फोटो म्हणजे सत्य आणि अ‍ॅपने केलेला फेरफार म्हणजे खोटेपणा, अशी सरळ विभागणी करता येत नाही. आमच्या धंद्यात निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या आणि देवीचे व्रण बुजवणे हे रोजचे काम होते आणि त्याला रीटचिंग म्हणत. कृष्णधवल प्रतीवर पारदर्शक रंगांचा हात फिरवून गाल गुलाबी करणारे आणि दागिन्यांवर सोनेरी ठिपके देणारे कारागीरही असत. फरक एवढाच की तो माणूस गिऱ्हाइकाला विचारत असे की, बाई, लुगड्याचा रंग कोणता होता? अ‍ॅप विचारत नाही.

हडसनकाठ:
आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि मुलांची आजी डोंबिवलीत आहे. व्हिडिओ कॉलवर "जेवलास का, अभ्यास झाला का" याच्या पलीकडे दोन्ही बाजूंना विषय सुचत नसे. एकदा सहज म्हणून मी वडिलांनी काढलेले फोटो स्क्रीनवर दाखवायला सुरुवात केली आणि आई अखंड बोलू लागली. आता दर रविवारी एकच फोटो घ्यायचा, असा आमचा नेम झाला आहे. फोटो एकच असणे महत्त्वाचे आहे, असे अनुभवाने वाटते, कारण संपूर्ण अल्बम समोर ठेवला की आई "ही सुमनमावशी, हे गणपतीतले" असे म्हणत पाने उलटते आणि गोष्ट कुठेच थांबत नाही. एका फोटोवर मात्र ती रेंगाळते, मागच्या फळीवरचा पितळी डबा ओळखते, तो कोणी दिला होता आणि पुढे मोडीत का काढावा लागला, इथपर्यंत जाते. हे बोलणे आम्ही रेकॉर्ड करून फोटोच्याच नावाने जपून ठेवतो.

वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता. १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघत आणि ते संपेपर्यंत कधी कधी दोन सण उलटून जात. सूर्य आपल्या पाठीशी ठेवून फोटो काढावा, हा त्या काळचा नियम ते इतक्या निष्ठेने पाळत की संध्याकाळच्या प्रत्येक फोटोत खालच्या बाजूला त्यांची लांब सावली पडलेली आहे, कोपर बाहेर काढलेली आणि मान जराशी झुकलेली. स्वतः ते एकाही फोटोत नाहीत. माझ्या बारा वर्षांच्या मुलाने ही सावली प्रथम हेरली. मला इतक्या वर्षांत ती दिसली नव्हती. "आजोबा सगळ्या फोटोंत आहेत," असे तो म्हणाला आणि तेव्हापासून त्याने स्वतः सावल्यांचे फोटो काढायला सुरुवात केली आहे: जिन्याच्या कठड्याच्या, सायकलच्या चाकाच्या, बर्फावर पडलेल्या आमच्या चौघांच्या. त्याने आजोबांना पाहिलेले नाही. त्याच्या फोटोंतली दृष्टी कुठून आली, हे मला तरी स्पष्ट दिसते.

मनोवेध:
ओसरी यांच्या मूळ प्रश्नावर मानसशास्त्रात पुष्कळ काम झाले आहे, त्यातले धाग्याला लागू पडणारे तेवढेच मांडतो. लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवून काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. मात्र ज्या वस्तूंच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो घेतला होता, त्यांची आठवण तशी घसरली नाही. पुढे २०१७ मध्ये बराश, डील, झॉबरमन आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले की कशाचा फोटो काढायचा हे माणसाने स्वतः ठरवले, तर डोळ्यांनी पाहिलेले अधिक चांगले लक्षात राहते, पण कानांनी ऐकलेले मागे पडते. मला या दोन निष्कर्षांत विरोध दिसत नाही. निवड करणारा नीट पाहतो आणि नुसते बटण दाबणारा पाहण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपवून मोकळा होतो. बारा फोटोंच्या रोलने हडसनकाठ यांच्या वडिलांवर निवड लादली होती. आपण ती मुद्दाम करायला हवी.

आता दुसरी बाजू. २००२ मध्ये किंबर्ली वेड, मेरीॲन गॅरी आणि सहकाऱ्यांनी प्रौढ व्यक्तींना त्यांच्याच लहानपणचे खरे फोटो दाखवले आणि त्यांत एक बनावट फोटो मिसळला, ज्यात ते उष्ण हवेच्या फुग्यातून आकाशात फिरत असल्याचे दिसत होते. तसे कधी घडलेले नसतानाही तीन मुलाखतींच्या शेवटी निम्म्या लोकांना त्या सफरीबद्दल काही ना काही "आठवू" लागले. गॅरी आणि वेड यांचाच २००५ मधला प्रयोग याहून डोळे उघडणारा आहे: बनावट फोटोऐवजी त्याच सफरीचे नुसते शब्दांतले वर्णन वाचायला दिले, तर खोटी आठवण अधिक सहज रुजली, कारण फोटो कल्पनेला बांधून ठेवतो आणि गोष्ट तिला मोकळे रान देते. तेव्हा आत्याबाईंच्या डोळ्यांसमोरचे लुगडे प्लेटवरून आलेले नसून आजीच्या बोलण्यातून आलेले असावे, असे मला वाटते. यात वावगे काही नाही, फक्त कोणती गोष्ट फोटोत आहे आणि कोणती सांगण्यातून आली, याची नोंद वेगवेगळी ठेवावी.

माणदेशी:
चर्चा उत्तम चालली आहे, पण ती वाचताना एक गोष्ट खटकते. पणजीचा स्टुडिओतला फोटो, वडिलांचा कॅमेरा, अल्बम, हे सगळे काही ठरावीक घरांतच होते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. आमच्या घरात पहिला फोटो त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी आला. माझ्या आजीचा एकच फोटो आहे आणि तो तिने हौसेने काढलेला नाही. १९९३ पासून मतदारांना फोटोची ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले, त्यात कधीतरी आमच्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात बायकांची रांग लावून फोटो काढले गेले. आजीने पदर डोक्यावरून पुढे ओढलेला होता, तो मागे घ्यायला कोणीतरी सांगितले असावे, कारण फोटोत तिचा एक हात अर्धवट वर उचललेला आहे आणि नजर कॅमेऱ्याकडे नसून त्या सांगणाऱ्याकडे आहे. ती गेल्यावर तालुक्याच्या स्टुडिओवाल्याने त्या ओळखपत्रावरचा नखाएवढा चेहरा मोठा करून, मागे निळे आभाळ आणि खांद्यावर हिरवे पातळ जोडून फ्रेम करून दिला. तो भिंतीवर आहे. त्यातली बाई आजीसारखी दिसत नाही, असे आमच्या घरातले सगळे म्हणतात, आणि त्यालाच हार घालतात.

मला सांगायचे आहे ते असे, की फोटो नसलेल्या घरांत आठवण कमी नव्हती. आजी मला आठवते ती जात्यावरच्या ओव्यांतून, शेणाने सारवताना तिच्या बोटांच्या उमटणाऱ्या कमानींतून आणि तंबाखूच्या वासातून. गावातल्या पुष्कळ म्हाताऱ्यांची तर अशी समजूत होती की फोटो काढला की आयुष्य कमी होते, त्यामुळे कॅमेरा दिसला की ती घरात जात. हौसेचे फोटो निघत ते जत्रेत, तेही पुठ्ठ्याच्या विमानात किंवा लाकडी मोटारसायकलवर बसून. ते विमानातले फोटो पाहताना मात्र मला नेहमी वाटते की कल्पनाशक्ती म्हणतात ती हीच. ज्यांनी एसटीशिवाय दुसरे वाहन पाहिले नव्हते, त्यांनी पन्नास मैलांवरच्या जत्रेत जाऊन वैमानिकाचा चेहरा केला आणि तो चेहरा घरी आणला. त्याला कुटुंबाचा इतिहास म्हणायचे नाही, तर कशाला?

ओसरी:
माणदेशी, तुमचा प्रतिसाद वाचून धाग्याच्या मथळ्यातले "जुने" हा शब्द फार ढोबळपणे वापरला गेला, असे जाणवले. ओळखपत्रावरचा तो मूळ छोटा फोटो, हात अर्धवट उचललेला, अजून जपलेला असेल तर त्याची वेगळी प्रत अवश्य करून ठेवावी. भिंतीवरच्या फ्रेमपेक्षा त्यात आजी अधिक आहेत.

माणदेशी:
ओळखपत्र पत्र्याच्या पेटीत आहे. प्लास्टिकचे आवरण सुटत चालले आहे आणि आत ओल गेल्याने एका कडेला डाग पडला आहे. काय करावे, हे हायपो यांनी सांगावे.

हायपो:
आवरण सोलून काढण्याचा प्रयत्न कृपया करू नका. फोटोच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो, तो ओल लागली की मऊ होऊन प्लास्टिकला किंवा काचेला चिकटतो आणि ओढला की चेहऱ्यासकट निघून येतो. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोंनाही हेच लागू आहे. आहे त्या स्थितीत, आवरणासकट, स्कॅनरवर ठेवून निदान १२०० डीपीआयला (म्हणजे इंचामागे १२०० ठिपके) स्कॅन करा, कारण प्रतिमा फार लहान आहे. पोस्टकार्ड आकाराच्या फोटोला ६०० पुरेसे होते. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या आडव्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल अगदी समांतर धरून फोटो घ्या.

ओघात इतरांसाठीही लिहितो. सर्वांत जास्त नुकसान पावसाळ्याने केलेले नाही, तर १९८० आणि ९० च्या दशकांत घरोघरी आलेल्या त्या चिकट पानांच्या अल्बमांनी केले आहे. गोंदाच्या पट्ट्या, वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि मध्ये फोटो. कालांतराने गोंद पिवळा पडतो आणि कागदात उतरतो. त्यापेक्षा काळ्या पानांचे, कोपऱ्यांत फोटो अडकवण्याचे आणि मध्ये बटर पेपर असलेले जुने अल्बम कितीतरी बरे. चिकट पानावरचा फोटो सहज सुटत नसेल, तर संपूर्ण पानच स्कॅन करून घ्यावे. त्याच काळातले रंगीत फोटो लालसर किंवा जांभळट झालेले दिसतात, कारण निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी उडतो. निगेटिव्ह जपलेली असेल तर ती स्कॅन केल्यास बरेचदा रंग अधिक चांगले परत मिळतात. लोक फोटो जपतात आणि निगेटिव्ह रद्दीत टाकतात, हे मी काउंटरवर उभा राहून वर्षानुवर्षे पाहिले. नावे लिहायची ती फोटोच्या मागे, कडेला, मऊ शिशाच्या पेन्सिलीने, हलक्या हाताने; बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पाझरते.

खारेवारे:
मालवणच्या हवेत फोटोंना बुरशी येणे ठरलेलेच आहे, म्हणून हायपो यांना पूरक लिहितो. पत्र्याची घट्ट पेटी आणि बंद पोटमाळा ही दोन्ही ठिकाणे वाईट. आम्ही फोटो राहत्या खोलीतल्या कपाटात, मधल्या फळीवर, भिंतीला न टेकवता ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि त्या ओल्या झाल्या की बदलतो. दसऱ्याच्या सुमारास कोरडी हवा सुटली की अल्बम उघडून पाने मोकळी करतो, पण उन्हात ठेवत नाही. हे काम एकट्याने होत नाही, मुले आपोआप भोवती जमतात.

फिरकी:
हडसनकाठ यांच्या मुलाने सुरू केलेल्या सावल्यांवरून आमच्या घरातला उद्योग सांगते. आमचा पुण्यातला वाडा पाडून तिथे सोसायटी उभी राहिली. चौकातल्या तुळशीवृंदावनापाशी काढलेला आम्हा चुलत-आते-मामे भावंडांचा १९८८ चा एक फोटो आहे, सगळे उंचीप्रमाणे उभे, शेवटच्या मुलाने दुसऱ्याची चड्डी धरलेली. मागच्या वर्षी आम्ही सगळे जमलो आणि जुन्या नकाशावरून वृंदावनाची जागा शोधून काढली. ती आता पार्किंगमध्ये, एका खांबाशेजारी आहे. तिथे त्याच क्रमाने, त्याच हातवाऱ्यांसह उभे राहून आम्ही फोटो काढला. पन्नाशीच्या माणसाने दुसऱ्या पन्नाशीच्या माणसाची पँट धरलेली पाहून वॉचमन धावत आला, तोही फोटोत आहे. या खेळात एक गोष्ट ध्यानात आली की मूळ फोटो कोणी काढला हे ठरवण्यासाठी आम्हाला कॅमेऱ्याची उंची आणि कोन जुळवावा लागला, आणि तो कमरेएवढ्या उंचीवरून काढलेला निघाला. म्हणजे तो कोणा मोठ्या माणसाने काढला नव्हता. फोटोत नसलेली एकच बहीण उरत होती, आणि तिला स्वतःला हे मुळीच आठवत नव्हते.

अमेरिकन छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून दरवर्षी आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचा फोटो घेतला आणि चौघींचा उभे राहण्याचा क्रम कधी बदलला नाही. ती मालिका पाहिल्यावर कळते की बंधन घालून घेतल्यावरच चेहऱ्यांतला बदल वाचता येतो. आम्हीही आता क्रम बदलायचा नाही, असे ठरवले आहे, जरी उंचीचा क्रम केव्हाच उलटापालटा झाला असला तरी.

पैलतीर:
सर्वांच्या उत्साहाला जराशी बाधा आणतो आहे, पण हा मुद्दा कोणीच काढलेला नाही. स्कॅन केलेले फोटो आपण कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो, तेव्हा फोटोतल्या माणसाला विचारतो का? आमच्या एका नातलग बाईंच्या पहिल्या लग्नाचा फोटो असाच एका उत्साही पुतण्याने ग्रुपवर टाकला. ते लग्न टिकले नव्हते आणि त्यांच्या नातवंडांना त्याची कल्पनाही नव्हती. दोन दिवस ग्रुपवर कोणी काही लिहिले नाही, बाईंनी मात्र त्यानंतर कोणत्याही समारंभात फोटोसाठी उभे राहणे सोडले. आठवण जागवणे चांगलेच आहे, पण काही माणसांनी फोटो पेटीच्या तळाशी ठेवलेला असतो तो विसरून नव्हे, विचारपूर्वक.

मनोवेध:
मुद्दा महत्त्वाचा आहे. यावर मला सुचणारा मार्ग असा की हयात व्यक्तीचा फोटो आधी तिला एकटीला दाखवावा आणि ग्रुपवर टाकायचा की नाही, हे तिने ठरवावे.

ओसरी:
मला हे अर्धेच पटते. हयात व्यक्तीचा अधिकार पहिला, यात शंका नाही. पण ज्या बायकांचे आयुष्य इतरांनी ठरवले, त्यांच्या पेटीच्या तळाशी फोटो नेहमी त्यांनी स्वतःच ठेवलेला असतो, असे नाही. कित्येकदा तो घरच्यांनी लाजेखातर लपवलेला असतो. अशा वेळी न दाखवणे हे त्यांच्या इच्छेचे पालन आहे की घरच्यांच्या, हे कसे ओळखायचे?

पैलतीर:
त्या बाईंनाच विचारून, दुसरा उपाय मला दिसत नाही. आणि त्या हयात नसतील, तर फोटो आणि नाव घरात ठेवावे, ग्रुपवर नको. ग्रुपवरून तो कुठे जाईल, याचा भरवसा कोणीच देऊ शकत नाही.

हडसनकाठ:
एक तांत्रिक भर घालतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवल्यास त्याचा आकार लहान होतो आणि फाइलमध्ये साठवलेली तारीख-ठिकाणाची माहितीही निघून जाते, त्यामुळे मूळ स्कॅन डॉक्युमेंट म्हणून पाठवावे किंवा पेनड्राइव्हने द्यावे. आम्ही एक प्रत इथे, एक डोंबिवलीत बहिणीकडे हार्डडिस्कवर आणि एक क्लाउडवर ठेवली आहे. फाइलच्या नावात वर्ष, जागा आणि डावीकडून उजवीकडे नावे आहेत, आणि जे नाव नक्की माहीत नाही तिथे "आईच्या मते" असे लिहिलेले आहे.